लघाट्यांच्या पानाचा फोटो

मोबाइलवर काढलेल्या फोटोंबद्दल सुधाकर लघाटे यांचं मत ठाम होतं आणि कोणी विचारो न विचारो, ते सांगत. त्यांची सगळी नोकरी उज्जैनच्या सिंचाई विभागात ड्राफ्ट्समन म्हणून गेली होती. धरणाच्या भिंतीपासून कालव्याच्या दारापर्यंत सगळं त्यांनी हाताने, पेन्सिलीने, पट्टी लावून कागदावर उतरवलेलं. "हातातून गेलं की डोक्यात राहतं," ते म्हणत. "खटकन बटण दाबलं की काहीच राहत नाही. ते फोनच्या डोक्यात राहतं."

त्यांच्या पत्नीला, अलकाताईंना, फोनच्या डोक्यात राहिलं तर काहीच हरकत नव्हती. उलट तेवढंच आपलं डोकं मोकळं, असं त्यांचं म्हणणं. बाहेर पडताना त्या गॅसच्या बंद नॉबचा फोटो काढत, मग दाराच्या कुलपाचा. म्हणजे बाजारात अर्ध्या वाटेवर "कुलूप लावलं का हो?" हा प्रश्न आला की फोन उघडून बघायचं. फ्रीगंजला अस्तर घ्यायला जाताना साडीचं बोचकं न नेता साडीचा फोटो नेत. औषधाच्या पाकिटाचा फोटो, नानाखेड्याच्या बसस्टँडवरच्या वेळापत्रकाचा फोटो, एकदा तर देवळाबाहेर काढून ठेवलेल्या सुधाकररावांच्या चपलांचा फोटो. त्या दिवशी सुधाकरराव दुसऱ्याच्याच चपला घालून निघाले होते आणि अलकाताईंनी मुकाट्याने फोन त्यांच्यापुढे धरला होता. सुधाकररावांनी चपला बदलल्या, मत बदललं नाही.

त्यांचं दुसरं एक मत होतं, ते त्यांच्या घराण्याबद्दल. लघाट्यांचे मूळ पुरुष बाळाजीपंत दरबाराबरोबर दक्षिणेतून उज्जैनला आले, इतकं सगळ्यांना माहीत होतं. ते दरबारात काय करत, हे मात्र कोणालाच माहीत नव्हतं. सुधाकररावांचे वडील म्हणत, "दरबारात होते." सुधाकरराव पस्तिशीत आले तेव्हा बाळाजीपंत "दरबारात विश्वासातले" झाले. मुलीच्या लग्नाच्या बैठकीत ते "खास विश्वासातले" झाले. आणि सुधाकरराव निवृत्त झाले त्या साली बाळाजीपंतांनाही बढती मिळून ते "दिवाणांचे उजवे हात" झाले.

हे असंच चालून गेलं असतं. पण मराठी समाजाच्या मंडळाने "आमची घराणी" म्हणून रविवारची भाषणं सुरू केली. पहिलं भाषण यज्ञेश्वर मुंगी यांचं. मुंगी हे निवृत्त प्राचार्य. त्यांचा पूर्वज किल्लेदार होता, असं त्यांनी सव्वा तास सांगितलं. शेवटी चहाच्या वेळी ते सुधाकररावांकडे वळले.

"लघाटे साहेब, तिसरा रविवार तुमचा आहे. ते दिवाणांचे उजवे हात वगैरे ठीक आहे, पण काही कागद-बिगद आहे का? की असंच?"

चहाचे कप हातात घेऊन उभी असलेली सगळी मंडळी त्यांच्याकडे बघायला लागली.

"कागद आहे," सुधाकरराव म्हणाले. "राम घाटावर. आमच्या पंड्यांच्या बहीत."

कागद आहे की नाही, हे त्यांना स्वतःला माहीत नव्हतं. लहानपणी आजोबांबरोबर घाटावर गेल्याचं, तीर्थोपाध्यायांकडच्या, यजमानांच्या पिढ्यांच्या नोंदी असलेल्या, लाल कापडात बांधलेल्या लांबलचक वह्या बघितल्याचं तेवढं आठवत होतं. घरी येताना स्कूटरवर मागे बसलेल्या अलकाताई म्हणाल्या, "मी येते उद्या. फोटो काढून आणू."

"काही गरज नाही. मी उतरवून आणतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी सुधाकरराव शिस्तीत निघाले. पिशवीत ड्रॉइंगचा कागद, दोन पेन्सिली, खोडरबर, पट्टी. घाटावर विचारत विचारत ते विष्णू गुरूंच्या तख्तापाशी पोचले. विष्णू गुरू पन्नाशीचे, गोल चेहऱ्याचे. त्यांनी आडनाव विचारलं, गाव विचारलं, आजोबांचं नाव विचारलं, आणि मागच्या पेटीतून एकावर एक वह्या काढायला लागले. पाऊण तासाने एका पिवळट पानावर त्यांनी बोट ठेवलं.

"ये रहे आपके बाळाजी. ख़ुद के हाथ का लेख है. लेकिन मोडी में है, यजमान. मुझसे नहीं पढ़ा जाता. मेरे दादाजी पढ़ लेते थे."

सुधाकररावांनी पान बघितलं. पहिल्या ओळीच्या वर देवनागरीत कोणीतरी मागाहून "बाळाजी लघाटे" असं लिहिलं होतं, तेवढं वाचता येत होतं. बाकी सगळं म्हणजे लिहिणाऱ्याने टाक एकदा टेकवला आणि पान संपल्यावरच उचलला, असं दिसत होतं. पण त्यांच्या अंगावर काटा आला. सव्वादोनशे वर्षांपूर्वी आपल्याच घरातल्या माणसाने इथेच कुठेतरी बसून हे लिहिलं होतं.

"घरी नेऊन आणू का? दोन दिवसांत परत—"

"बही बाहर नहीं जाती, यजमान. फोटो ले लो. सब फोटो ही लेते हैं."

"मी उतरवून घेतो."

विष्णू गुरूंनी खांदे उडवले. सुधाकरराव मांडी घालून बसले आणि त्यांनी तीन तास ते पान उतरवलं. भर उन्हात, मान मोडेपर्यंत. पण ड्राफ्ट्समनचा हात तो. जिथे मूळ ओळ खाली घसरली होती तिथे त्यांनी पट्टी लावून ती सरळ केली. एखादं वळण वेडंवाकडं वाटलं तर नीटस केलं. दोन ठिकाणी शाई फासली होती, ते डाग त्यांनी सोडून दिले. काम संपल्यावर त्यांनी मूळ पानाकडे आणि स्वतःच्या कागदाकडे बघितलं. स्वतःचा कागद त्यांना निश्चितच जास्त बरा वाटला.

अलकाताईंची भाची निहारिका पुण्यात जुन्या कागदपत्रांवर काम करते, मोडी तिला वर्तमानपत्रासारखी वाचता येते. सुधाकरराव तो कागद तिला टपालाने पाठवणार होते. अलकाताईंनी त्याचा फोटो काढून धाडून दिला. "टपाल पोचेपर्यंत तिसरा रविवार होऊन जाईल," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी निहारिकाचा फोन आला.

"काका, हे तुम्ही कुठून आणलंत?"

"का? काय लिहिलंय?"

"मला जे वाचता येतंय ते सांगते. 'श्री. लघाटे मेथीत बसून घोडा'... मग एक शब्द लागत नाही... 'मावशीस पंखा पडोन'... पुढे 'बारा नळी'. काका, बारा नळी म्हणजे काय असेल?"

सुधाकररावांनी आपला कागद पुन्हा डोळ्यांजवळ धरला. अलकाताई भाजी निवडत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. पण त्यांचे खांदे हलत होते.

"काका, तुम्ही अक्षरं सरळ केलीत का?"

"थोडी."

"मोडीत वाकडेपणातच सगळं असतं हो. तुम्ही मला मूळ पानाचा फोटो पाठवा ना."

आता आला प्रश्न. बायकोला फोटो काढायला सांगावं तर आठवडाभर ऐकून घ्यावं लागेल. सुधाकररावांनी दुसऱ्या दिवशी, भाजी आणतो सांगून, स्वतःचा फोन घेऊन एकट्याने घाट गाठला. फोन दोन वर्षांचा होता, कॅमेऱ्याचं चित्र असलेल्या चौकोनाला त्यांनी आजवर हात लावलेला नव्हता. विष्णू गुरूंनी काही न विचारता वही काढून दिली. सुधाकररावांनी फोन दोन्ही हातांनी, पूजेचं ताम्हन धरावं तसा धरला आणि नेम धरून सात फोटो काढले. सातही वेळा खटकन आवाज आला. ते समाधानाने घरी आले आणि बाथरूममध्ये दार लावून फोटो बघायला लागले.

पहिल्या तीन फोटोंत त्यांचं स्वतःचं कपाळ होतं. अगदी जवळून, प्रत्येक सुरकुतीसकट. चौथ्यात अंगठा होता, लालबुंद, पलीकडून ऊन आल्यामुळे. पाचव्यात विष्णू गुरूंची मांडी आणि वहीचा कोपरा. सहाव्यात पान होतं, पण ते धावत असल्यासारखं. सातवा फोटो घाटावरच्या एका गाईचा होता, आणि तो मात्र इतका सुंदर आला होता की सुधाकरराव त्याच्याकडे दोन मिनिटं बघत राहिले.

ते बाहेर आले. अलकाताई पोळ्या करत होत्या.

"भाजी?" त्यांनी विचारलं.

"राहिली," सुधाकरराव म्हणाले. मग फोन पुढे करून म्हणाले, "हे माझं कपाळ का येतंय?"

अलकाताईंनी तवा उतरवला, हात पुसले, फोन घेतला. त्यांनी सातही फोटो एकेक करून बघितले. कपाळाचे तिन्ही फोटो बोटांनी मोठे करून बघितले. हसल्या नाहीत. चष्मा काढून डोळे तेवढे टिपले.

"जेवण झालं की निघू," त्या म्हणाल्या.

घाटावर अलकाताईंनी ज्या पद्धतीने काम केलं ते बघून सुधाकररावांना आपल्या खात्यातल्या मुख्य अभियंत्यांची आठवण झाली. आधी त्यांनी पदराने कॅमेऱ्याची काच पुसली. "पोळीचं तूप लागलेलं असतं," त्या म्हणाल्या. वही उन्हातून उचलून कमानीच्या सावलीत ठेवायला लावली. "उन्हात कागद चमकतो, अक्षर पुसट येतं." विष्णू गुरूंना एक कोपरा धरायला सांगितला, नवऱ्याला दुसरा.

"जरा सीधा पकड़ो, गुरुजी. और साँस मत लो."

विष्णू गुरूंनी खरोखरच श्वास रोखला.

आधी पूर्ण पान. मग वरचा भाग, मधला, खालचा. मग प्रत्येक ओळ वेगळी. शाईच्या दोन्ही डागांचे अगदी जवळून. मागच्या पानाचा एक, कारण शाई पलीकडे उमटलेली असते. आणि शेवटी विष्णू गुरूंचा एक, वही हातात घेऊन, कारण ते केस नीट करून तयारच बसले होते. सगळं मिळून दहा मिनिटं लागली. घाटाच्या पायऱ्या चढून स्कूटरपाशी येईपर्यंत फोटो पुण्याला पोचले होते आणि निहारिकाचा अंगठा आला होता.

तासाभराने, घरी चहा होत होता तेव्हा, तिचा फोन आला. अलकाताईंनी तो मोठ्या आवाजावर टाकला.

"काका, एकदम स्वच्छ लागलं. वाचू?"

सुधाकरराव सावरून बसले.

"'श्री. शके सतराशे एकोणीस, पिंगळनाम संवत्सरे. बाळाजी त्रिंबक लघाटे, वस्ती हाली उज्जैन. चाकरी सरकारी मुदपाकखाना—'"

"मुदपाक म्हणजे?"

"स्वयंपाकघर, काका. '—मुदपाकखाना, लोणची व मुरांबे, बरण्यांचे बंदोबस्ताकडे.'"

चहा उतू गेला. तो उतरवायला कोणीच उठलं नाही.

"दिवाणांचा काही उल्लेख?" सुधाकररावांनी विचारलं.

"नाही हो. लोणच्याचा आहे."

"बंदोबस्त म्हणजे तसं जबाबदारीचंच काम असेल."

"असेलच ना. बुरशी वगैरे बघायला लागत असेल," निहारिका म्हणाली. "अजून दोन ओळी आहेत, पण तिथे डाग आहेत. त्या मोठ्या करून बघते आणि सांगते."

फोन ठेवल्यावर सुधाकररावांनी एक गोष्ट स्पष्ट केली. हे घरातच राहायला पाहिजे. तिसऱ्या रविवारी बरं नाही म्हणून कळवायचं. अलकाताईंनी फोन पदराखाली घेतला तेव्हा त्यांना शंका आली.

"काय झालं?"

"मी ते फोटो आपल्या लघाटे परिवारच्या ग्रुपवर टाकले ना. मघाशी घाटावरूनच. निहारिका पण आहे त्यात. तिने वाचलेलं तिथे लिहूनच टाकलं असेल."

तिने लिहून टाकलं होतं. त्यावर बेचाळीस जणांचे निरोप आले होते. जबलपूरच्या चुलतभावाने बरणीचं चित्र पाठवलं होतं. सुधाकररावांच्या धाकट्या बहिणीने, जयूने, नुसतं एवढंच लिहिलं होतं: "दादा, दिवाणांचा उजवा हात खारात होता तर."

त्या संध्याकाळी सुधाकरराव जेवले नाहीत. म्हणजे पोळी-भाजी खाल्ली, लोणच्याला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अलकाताई फोन घेऊन त्यांच्याशेजारी येऊन बसल्या. "हे बघा," त्या म्हणाल्या. "निहारिकाने शेवटच्या दोन ओळी पाठवल्यात. आधी वाचू नका. आधी हा फोटो बघा."

डागाचा फोटो होता. अलकाताईंनी दोन बोटं काचेवर ठेवून तो मोठा केला, अजून मोठा केला. कागदाचे तंतू दिसायला लागले. तीन तास त्या पानावर वाकून बसलेल्या सुधाकररावांना जो नुसता डाग वाटला होता, त्याच्या आत अक्षरं होती. लिहिणाऱ्याने एक शब्द लिहिला होता, तो पुसला होता, आणि त्याच्यावर पुन्हा तोच शब्द लिहिला होता. दोन्ही ठिकाणी.

"काय आहे ते?"

"साळूबाई," अलकाताई म्हणाल्या. आणि त्यांनी निहारिकाचा निरोप वाचून दाखवला. "'मातोश्री साळूबाई कैलासवासी जाहली सबब तीर्थी येऊन पिंडदान केले. साळूबाईचे हातचे लिंबाचे लोणचे सरकारांस पसंत पडोन आम्हांस चाकरी लागली.'"

सुधाकरराव तो फोटो बघत राहिले. त्यांच्याकडे घराण्याची वंशावळ होती, स्वतः आखलेली, चार फूट लांब, नऊ पिढ्यांची. तिच्यात एकाही बाईचं नाव नव्हतं. कोणाला माहीतच नव्हतं. आणि इथे हा माणूस आईचं नाव लिहिताना दोनदा अडखळला होता. शाईवर पाणी पडलं असेल. नदीकाठी बसलेला माणूस, पाणी कुठलंही असेल.

"मी हे डाग सोडून दिले होते," ते म्हणाले.

"हो. घोडा मात्र घेतला होता."

मग ते हसले, पहिल्यांदा. आणि हसता हसता त्यांनी चष्मा काढला.

तिसऱ्या रविवारी फ्रीगंजच्या सभागृहात नेहमीपेक्षा दुप्पट गर्दी होती, कारण ग्रुपवरची बातमी ग्रुपवर राहिली नव्हती. मुंगी साहेब पहिल्या रांगेत. सुधाकरराव उभे राहिले. त्यांनी पडद्यावर आधी स्वतःच्या कपाळाचा फोटो दाखवला आणि हा फोटो कसा आला ते सांगितलं. मग त्यांनी उतरवलेला कागद दाखवून मेथीतला घोडा वाचला. लोक हसून दमल्यावर त्यांनी खरं पान दाखवलं.

"मी चाळीस वर्षं सांगत आलो की आमचे पूर्वज दिवाणांचे उजवे हात होते," ते म्हणाले. "ते खोटं होतं. मीच वाढवत नेलं. ते लोणच्याच्या बरण्या सांभाळत. आणि ती चाकरीही त्यांना त्यांच्या आईमुळे मिळाली. लघाटे उज्जैनला तलवारीवर आले नाहीत, दौतीवर आले नाहीत. साळूबाईंच्या लिंबाच्या लोणच्यावर आले. हे मला माझ्या हाताने कळलं नसतं. हे मला फोटोने आणि फोटो काढणारणीने कळवलं."

मग मागच्या रांगेतल्या बायकांनी टाळ्या सुरू केल्या, आणि त्या बराच वेळ थांबेनात. खाली उतरल्यावर तिघांनी त्यांना पानाचा फोटो मागितला आणि सात जणींनी अलकाताईंना कृती मागितली. कृती बहीत नाही, असं त्यांना सात वेळा सांगावं लागलं.

त्यानंतर राम घाटावर विष्णू गुरूंकडे मराठी मंडळींची रीघ लागली. आधी त्यांना आनंद झाला. मग त्यांनी सुधाकररावांना फोन करून तक्रार केली की लोक अंगठ्याचे फोटो काढतात आणि पुन्हा पुन्हा येतात. तेव्हा आठवड्यातून एकदा लघाटे नवरा-बायको घाटावर जाऊन बसायला लागले. अलकाताई फोटो काढत, सुधाकरराव कोपरा धरत. हळूहळू त्यांनाही फोन हातात मिळाला. हात मुळातच स्थिर होता. कपाळ यायचं बंद झालं. एका घराण्याचा मूळ पुरुष हत्तींचा वैद्य निघाला, दुसऱ्याचा दरबारी मशालजी, आणि दोघांचेही वंशज खुश होऊन गेले.

एका गुरुवारी दुपारी, घाटावर फारसं कोणी नसताना, मुंगी साहेब आले. इकडेतिकडे बघत, रुमालाने मान पुसत.

"लघाटे, जरा आमचंही पान बघता का? आहे म्हणतात इथे."

विष्णू गुरूंनी पान शोधलं. सुधाकररावांनी काच पुसली, वही सावलीत घेतली, सगळ्या ओळी एकेक करून टिपल्या. फोटो उत्तम आले. त्यांनी ते मुंगी साहेबांच्या फोनवर पाठवले आणि निहारिकाचा नंबरही दिला.

"तिला पाठवा. तासाभरात वाचून देईल."

मुंगी साहेबांनी फोन वर धरून तो फोटो बराच वेळ बघितला. किल्लेदार या शब्दासारखं काही त्यात दिसतंय का, हे ते शोधत असावेत.

"आज पाठवतो," ते म्हणाले. मग म्हणाले, "किंवा बघतो. घाई काय आहे."

त्याला आता आठ महिने झाले. निहारिकाकडे मुंगी घराण्याचं पान अजून आलेलं नाही.